गिंप २.१० वरून ३.० वर जाताना: सरावलेल्या हातांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गिंप या मुक्त छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती १६ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. त्याआधीची २.१० ही मालिका एप्रिल २०१८ पासून चालू होती, म्हणजे जवळजवळ सात वर्षे आपल्यापैकी अनेकांचे हात एकाच मांडणीवर बसलेले होते. माझे काम जुन्या कौटुंबिक छायाचित्रांच्या दुरुस्तीचे आहे. दमट हवेने बुरशी धरलेले लग्नाचे कृष्णधवल फोटो, वाळवीने कडा खाल्लेल्या तसबिरी, ओळखपत्रावरच्या इंचभर फोटोवरून भिंतीवर लावायची मोठी चौकट करणे, असे ते काम असते. नवी आवृत्ती घेतल्यानंतरचे पहिले काही आठवडे मला जड गेले आणि त्यातला बराचसा त्रास टाळता आला असता. तुम्हाला तो होऊ नये म्हणून मी हा क्रम लिहून काढला आहे.

एक भेद सुरुवातीलाच मनाशी पक्का करा. नव्या आवृत्तीतील काही गोष्टींची केवळ जागा किंवा रूप बदलले आहे, तर काहींचे वागणेच बदलले आहे. पहिल्या प्रकारच्या गोष्टी शोधल्या की सापडतात. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी दिसायला जुन्यासारख्याच असतात, आणि म्हणूनच काम बिघडते ते त्यांच्यामुळे.

जवळ काय काय हवे

- विंडोज १० किंवा त्यापुढची प्रणाली असलेला संगणक. लिनक्स व मॅकसाठीही गिंप उपलब्ध आहे. मेनूंविषयीचे पुढचे विवेचन तिथेही लागू पडते.
- चालू कामाच्या सर्व फाइल मावतील एवढी बाह्य हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह.
- तुम्ही वापरत असलेल्या प्लगइन (गिंपला वरून जोडायची जादा साधने) आणि स्क्रिप्ट (ठरावीक पायऱ्या आपोआप करणाऱ्या फाइल) यांची हाताने लिहिलेली यादी.
- जुन्या आवृत्तीत पूर्वी पूर्ण केलेल्या एखाद्या कामाचा मूळ स्कॅन व तयार फोटो. सराव याच फोटोवर करायचा आहे.

१. दिवस निवडा आणि जुने सांभाळून ठेवा

हातात मुदतीचे काम असताना आवृत्ती बदलू नका. माझ्याकडे येणारी कित्येक कामे तेराव्याच्या आत द्यायची असतात. त्या घरातील माणसांना आपल्या सॉफ्टवेअरची अडचण सांगणे योग्य नाही. दोन मोकळे दिवस मिळतील तेव्हाच हे काम काढा.

जुन्या गिंपमध्ये एडिट मेनूतील प्रेफरन्सेस उघडा आणि डावीकडच्या यादीत सर्वांत खाली असलेला फोल्डर्स हा विभाग पाहा. तुमचे ब्रश, ग्रेडियंट, पॅटर्न, प्लगइन आणि स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरात आहेत ते तिथे दिसते. हे सर्व ज्या मुख्य फोल्डरात असते त्याचे नाव २.१० असे असते. तो संपूर्ण फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवून ठेवा. नवी आवृत्ती ३.० नावाचा स्वतंत्र फोल्डर तयार करते आणि प्रथम सुरू होताना जुन्या सेटिंग त्यात आणते. तरीही प्रत काढून ठेवावी, कारण आपण स्वतः रचलेले ब्रश पुन्हा तसेच रचता येत नाहीत.

२. सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्या

गिंप डॉट ऑर्ग हे गिंपचे अधिकृत संकेतस्थळ आहे आणि गिंप पूर्णपणे विनामूल्य आहे. शोधयंत्रावर नाव टाकून सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करण्याची सवय असेल तर ती येथे सोडावी लागेल. २०२२ मध्ये गिंपच्या नावाने अशाच एका जाहिरातीतून माहिती चोरणारे सॉफ्टवेअर पसरवले गेले होते. पत्ता स्वतः टाइप करा. त्या दिवशी ३ मालिकेतील जी सर्वांत ताजी आवृत्ती दिसेल तीच घ्या, कारण पहिल्या ३.० नंतर आलेल्या ३.०.२, ३.०.४ यांसारख्या आवृत्त्यांत बऱ्याच चुका दुरुस्त झालेल्या आहेत.

विंडोजवर जुनी व नवी आवृत्ती वेगवेगळ्या फोल्डरांत बसतात. त्यामुळे २.१० काढून टाकण्याची घाई करू नका. ती केव्हा काढावी हे शेवटी सांगितले आहे.

३. स्वागताच्या खिडकीपुढे थांबा

प्रथम सुरू केल्यावर एक स्वागताची खिडकी येते. बहुतेक जण ती बंद करून थेट फोटो उघडतात. मीही तेच केले होते. या खिडकीत पर्सनलाइझ नावाचा भाग आहे आणि रंगयोजना, चिन्हांचा आकार, अक्षरांचा आकार व भाषा हे सर्व तिथेच ठरवता येते. प्रकाशन टिपा असलेला भागही वाचावा. त्यातील काही ओळींवर क्लिक केले की संबंधित बटण किंवा चौकट मुख्य खिडकीत लुकलुकते आणि नवी गोष्ट नेमकी कुठे आहे ते समजते. खिडकी बंद झाली असेल तर हेल्प मेनूतून ती पुन्हा उघडता येते.

भाषेविषयी माझे मत असे, की सुरुवातीचा महिनाभर मेनू इंग्रजीतच ठेवावेत. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ आणि लेख इंग्रजी नावांनीच बोलतात, आणि नवे शिकत असताना नावांचे भाषांतर करत बसावे लागले की वेग मंदावतो.

४. रूप बदला, परंतु विचार करून

प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस विभागाखाली थीम आणि आयकॉन थीम हे दोन भाग आहेत. थीममध्ये गडद, मध्यम करडी आणि फिकट अशा रंगयोजना मिळतात. गडद योजना डोळ्यांना सुखद वाटते, परंतु ज्यांचे फोटो शेवटी कागदावर छापले जातात त्यांनी मध्यम करडी योजना घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. काळ्याभोर चौकटीत ठेवलेला फोटो डोळ्यांना प्रत्यक्षाहून उजळ भासतो, आपण तो नकळत अधिक गडद करतो, आणि छापून आल्यावर चेहऱ्यावरचा तपशील बुडालेला दिसतो. कृष्णधवल फोटोत हा फरक विशेष जाणवतो.

एकरंगी चिन्हे ओळखता येत नसतील तर आयकॉन थीममध्ये लेगसी हा पर्याय निवडा. जुनी रंगीत चिन्हे परत येतात. साधनपेटीत साधने कमी झाल्यासारखी वाटत असतील तर ती गटांत गेलेली आहेत. बटण दाबून धरले किंवा त्यावर उजवे क्लिक केले की गटातील बाकीची साधने दिसतात. सर्व साधने एकाच वेळी डोळ्यांसमोर हवी असतील तर इंटरफेस विभागातील टूलबॉक्समध्ये जाऊन गटांच्या पर्यायावरील खूण काढा. हे गट २०२० मधील २.१०.१८ पासूनच आहेत. जे त्याआधीच्या आवृत्तीवरून थेट ३.० वर येतात त्यांना ते नवे वाटतात.

अजूनही अनेक संगणकांवर २०१२ ची २.८ आवृत्ती आढळते. तिच्याही आधीच्या आवृत्तीची सवय असेल तर आणखी एक बदल पचवावा लागेल. सेव्ह हा आदेश केवळ गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपासाठी आहे. जेपीईजी, पीएनजी किंवा टिफ हवे असेल तर एक्सपोर्ट वापरावे लागते. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ई या कळा एकत्र दाबा.

या टप्प्यावरचा सर्वांत सामान्य सापळा टॅब या कळीचा आहे. ती चुकून दाबली गेली की दोन्ही बाजूंच्या साऱ्या चौकटी नाहीशा होतात आणि सॉफ्टवेअर बिघडले असे वाटते. टॅब पुन्हा दाबा. एखादीच चौकट गेली असेल तर गिंपच्याच विंडोज मेनूतील डॉकेबल डायलॉग्ज या यादीतून ती परत आणता येते.

५. जागा बदललेल्या गोष्टी स्लॅशने शोधा

एखादा आदेश सापडत नसेल तर मेनू एकामागून एक उघडत बसू नका. कॅनव्हासवर क्लिक करून कीबोर्डवरील तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबा. शोधाची पट्टी उघडेल. तीत आदेशाचे नाव लिहा आणि एंटर दाबा. आदेश करड्या अक्षरांत दिसला तर तो या क्षणी लागू होत नाही असे समजा. चुकीचा लेयर, म्हणजे फोटोच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी चुकीचा थर, निवडलेला असणे हे त्याचे नेहमीचे कारण. ही सोय २.१० मध्येही होती, पण तेव्हा तिची गरज पडत नव्हती. स्वतः ठरवलेले शॉर्टकट एडिट मेनूतील कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये एकदा तपासून घ्या.

६. फिल्टर आता लागलेले राहतात, मुरत नाहीत

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून येथे सावकाश वाचा.

जुन्या आवृत्तीत उजेड-कॉन्ट्रास्ट बदलणारे कर्व्ह्ज व लेव्हल्स किंवा फोटो धूसर करणारा गॉशियन ब्लर लावून ओके दाबले की परिणाम लेयरच्या पिक्सेलमध्ये कायमचा मुरत असे. दुसऱ्या दिवशी तो थोडा कमी करावासा वाटला तर अंडू करत मागे जाणे किंवा मूळ लेयरची प्रत आधीच काढून ठेवलेली असणे, एवढेच मार्ग होते. म्हणून आपण सर्वांनी प्रत्येक पायरीआधी लेयरची प्रत काढण्याची सवय लावून घेतली.

३.० मध्ये तोच फिल्टर लावला की मूळ पिक्सेल तसेच राहतात आणि फिल्टर त्यांच्यावर वेगळा ठेवला जातो. लेयरच्या चौकटीत त्या लेयरच्या ओळीत एफएक्स अशी खूण उमटते. तिच्यावर क्लिक केले की लावलेल्या फिल्टरांची यादी उघडते. प्रत्येक फिल्टर तात्पुरता बंद करता येतो, त्याची मूल्ये पुन्हा उघडून बदलता येतात, त्यांचा क्रम वरखाली करता येतो, तो काढून टाकता येतो किंवा लेयरमध्ये मुरवता येतो. एक्ससीएफमध्ये सेव्ह केले तर हे सर्व फाइलसोबत राहते. महिन्याने ग्राहकाने फोटो थोडा उजळ मागितला तर आता फक्त कर्व्ह्ज उघडून रेघ हलवायची असते.

यातून कामाचा क्रम बदलतो. आधी मूळ लेयरवर हीलिंग आणि क्लोन साधनांनी डाग, ओरखडे आणि बुरशीचे ठिपके काढून घ्या. उजेड, कॉन्ट्रास्ट आणि धार यांचे फिल्टर त्यानंतर लावा. मी सुरुवातीला उलटे करत होते: आधी कर्व्ह्ज लावून फोटो खुलवायचा आणि मग ठिपके काढायचे. जुन्या आवृत्तीत ते खपून जाई. आता ब्रशचा फटकारा फिल्टरच्या खाली असलेल्या मूळ पिक्सेलवर पडतो आणि पडद्यावर मात्र तो फिल्टरमधून गेलेला दिसतो. निवडलेला करडा रंग एक आणि उमटलेला दुसराच, असे झाले की माणूस गोंधळतो. रंगवल्यावर छटा जुळत नसेल तर प्रथम एफएक्सची खूण पाहा.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. सिलेक्शन केलेले, म्हणजे फोटोचा काही भाग निवडलेला असताना फिल्टर लावला तर तो तेवढ्याच भागापुरता राहतो. संपूर्ण फोटोला हवा असेल तर आधी सिलेक्शन काढा. मोठ्या स्कॅनवर अनेक फिल्टर साठले की संगणक मंदावतो, कारण प्रत्येक बदलानंतर त्यांची पुन्हा गणना करावी लागते; जे निश्चित झाले असतील ते मुरवून टाका. आणि जुन्या पद्धतीनेच काम करायचे असेल तर फिल्टरच्या खिडकीतील मर्ज फिल्टर या चौकोनात खूण करा. पहिल्या दिवशी ती खूण करून ठेवावी असे अनेकांना वाटेल. माझा सल्ला असा, की निदान दोन आठवडे ती करू नका. आवृत्ती बदलण्याचा खरा लाभ याच सोयीत आहे आणि सुरुवातीलाच ती बंद केली तर पुढे ती सहसा पुन्हा चालू केली जात नाही.

७. पेस्ट आणि लेयर निवडण्याची नवी रीत

दुसऱ्या फोटोतून चेहरा किंवा पदराचा तुकडा आणून पेस्ट केला की पूर्वी तो तरंगत्या सिलेक्शनच्या रूपात येई आणि त्याला अँकर करावे, म्हणजे खालच्या लेयरमध्ये चिकटवावे लागे किंवा त्याचा नवा लेयर करावा लागे. आता कंट्रोल आणि व्ही दाबल्याबरोबर थेट नवा लेयर तयार होतो. अँकरचा आदेश करडा दिसेल; त्यात बिघाड काही नाही. खालच्या लेयरमध्ये मिसळायचे असेल तर मर्ज डाउन वापरा. लेयर मास्कवर (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर) पेस्ट केल्यास मात्र तरंगते सिलेक्शन अजूनही येते.

लेयरांना एकत्र हलवण्यासाठी पूर्वी असलेली साखळीची खूण आता नाही. शिफ्ट किंवा कंट्रोल धरून अनेक लेयर एकाच वेळी निवडा आणि हलवा, फिरवा किंवा त्यांचा आकार बदला. तीच निवड वारंवार लागत असेल तर लेयरच्या चौकटीत वरच्या बाजूस ती नावानिशी साठवता येते. याचा एक धोका मला वारंवार दिसला आहे. आपण एकच लेयर निवडलेला आहे असे समजून डिलीट दाबतो आणि प्रत्यक्षात तीन निवडलेले असतात. पुसण्याआधी यादीत किती ओळी उजळलेल्या आहेत ते पाहत जा.

८. फोटोखाली नाव लिहिताना

तसबिरीखाली कैलासवासी व्यक्तीचे नाव आणि दोन तारखा लिहायच्या असतात, तेव्हा चूक चालत नाही. पूर्वी अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची म्हणजे अक्षरांचा पाथ करून वेगळ्या लेयरवर ती रेघ ओढावी लागे. नंतर नावातील एखादी वेलांटी सुधारायची झाल्यास सर्व पुन्हा करावे लागे. ३.० मध्ये टेक्स्ट साधनाच्या पर्यायांत आउटलाइनची सोय आली आहे. भरीव, केवळ रेघ, किंवा भरीव आणि रेघ असे प्रकार निवडता येतात आणि मजकूर अखेरपर्यंत दुरुस्त करता येतो.

फॉन्ट युनिकोडच वापरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बालू’ नावाचे फॉन्ट मोफत मिळतात आणि त्यांत जोडाक्षरे नीट बसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांत बदलतो. नवा फॉन्ट यादीत दिसत नसेल तर फॉन्टच्या चौकटीतील यादी पुन्हा वाचण्याचे बटण दाबा. आणि ‘सूर्यकांत’, ‘कृष्णाबाई’, ‘गोऱ्हे’ अशी नावे एकदा लिहून रफार, ऋकार आणि अर्धा ऱ मोठ्या आकारात तपासून घ्या.

९. प्लगइन आणि स्क्रिप्ट

२.१० साठीचे प्लगइन ३.० मध्ये तसेच चालत नाहीत. ते नव्या आवृत्तीसाठी पुन्हा लिहावे लागतात, कारण गिंपची आतली जोडणी बदलली आहे आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, आधार संपला आहे. यादीतील प्रत्येक नावासमोर त्याची ३.० साठीची आवृत्ती आहे का हे लिहा. जीमिक या मोठ्या फिल्टरसंचाची ती उपलब्ध आहे. एकटी प्लगइन फाइल हाताने टाकत असाल तर एक नियम पाळा: प्लगइनच्या फोल्डरात फाइलच्याच नावाचा स्वतंत्र उपफोल्डर करून त्यात फाइल ठेवा. ती थेट ठेवली तर गिंप तिच्याकडे दुर्लक्ष करते आणि कोणताही दोष दाखवत नाही. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली होती.

१०. फाइलची देवाणघेवाण, आणि जुनी आवृत्ती केव्हा काढावी

२.१० मध्ये केलेली एक्ससीएफ फाइल ३.० मध्ये उघडते. उलट दिशेने तसे होईलच असे नाही. फिल्टर लावलेले ठेवून ३.० मध्ये सेव्ह केलेली फाइल २.१० ला वाचता येत नाही. एका कुटुंबाच्या सहा फोटोंचे काम मी नव्या आवृत्तीत उघडून, फिल्टर लावून, जुन्याच नावाने सेव्ह केले आणि छपाईच्या दिवशी २.१० असलेल्या दुसऱ्या संगणकावर एकही फाइल उघडली नाही. मूळ प्रत वेगळी ठेवलेली नव्हती, ही माझी चूक होती.

म्हणून जुनी फाइल ३.० मध्ये उघडल्याबरोबर सेव्ह ॲज करून तिच्या नावात तीनचा आकडा घाला आणि मगच हात लावा. जुन्या आवृत्तीवाल्याला फाइल द्यायची असेल तर इमेज मेनूतील डुप्लिकेटने प्रत काढा, प्रत्येक लेयरचे फिल्टर मुरवा आणि ती प्रत सेव्ह करून त्यांच्या संगणकावर उघडते का ते पाहा. लेयर नको असतील तर टिफ पुरेसे आहे.

आता सुरुवातीला बाजूला काढलेला सरावाचा फोटो घ्या. मूळ स्कॅनपासून छपाईयोग्य फाइलपर्यंतचे सर्व काम २.१० न उघडता पूर्ण करा आणि दोन्ही तयार फोटो शेजारी ठेवून पाहा. वेगवेगळ्या प्रकारची निदान पाच कामे अशी पार पडली आणि यादीतील प्रत्येक प्लगइनची सोय लागली, की २.१० काढायला हरकत नाही. बाह्य डिस्कवरचा सेटिंगचा फोल्डर मात्र तसाच राहू द्या.